पंखा लागला की तापमान वाढायचं

गाडीच्या रेडिएटरचा पंखा लावणारं-थांबवणारं ते सर्किट टेबलावर सलग आठ दिवस चाललं होतं. अडॅप्टरचे १२ व्होल्ट, गरम पाण्याच्या भांड्यात सोडलेला सेन्सर आणि समोर दोन ओळींचा एलसीडी. पाणी ९२ अंशांवर गेलं की रिले (विजेवर चालणारा स्विच) टक्कन लागायचा, ८६ वर आलं की सुटायचा. आठ दिवसांत एकदाही चुकला नाही. नवव्या दिवशी गाडीत बसवलं, सेल्फ मारला, आणि डिस्प्लेवर आकड्यांच्या जागी काळे चौकोन आणि अर्धवट अक्षरं उमटली. हॉर्न दाबला तर सगळं पुसलं गेलं आणि प्रोग्राम पहिल्या ओळीपासून सुरू झाला.

गाडी जुनी, कार्ब्युरेटरची, पेट्रोलवर चालणारी. रेडिएटरचा पंखा सुरू करणारा थर्मोस्विच गेला होता, म्हणून एटीमेगा३२८पी ही छोटी प्रोसेसर चिप वापरून मी स्वतःच कंट्रोलर करायला घेतला. रचना अगदी साधी: इंजिनात बसवलेला एक तारेचा थर्मिस्टर (तापमानाबरोबर रोध बदलणारा सेन्सर), ५ व्होल्टसाठी ७८०५ रेग्युलेटर, पंख्याच्या रिलेसाठी एक ट्रान्झिस्टर आणि डॅशबोर्डवर एलसीडी.

पहिला आठवडा मी दिसेल तिथे व्होल्टेजचे चढउतार सावरणारे कपॅसिटर लावण्यात घालवला. सप्लायवर एक, सेन्सरवर एक, रिलेच्या पिनवर एक. कधी थोडा फरक पडल्यासारखा वाटायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आजार कुठला हे न पाहता औषधं देत सुटलो होतो. मग थांबलो आणि आधी एवढंच शोधायचं ठरवलं, की प्रोसेसर खरंच रिसेट होतोय का, आणि होत असेल तर कशामुळे.

याचं उत्तर या चिपमध्येच असतं, ही फार उपयोगाची गोष्ट आहे. शेवटचा रिसेट कशाने झाला हे एमसीयूएसआर नावाच्या रजिस्टरमध्ये नोंदलेलं असतं: वीज नव्याने आली, बाहेरून रिसेटची पिन खाली ओढली गेली, व्होल्टेज पडलं की वॉचडॉगने, म्हणजे प्रोग्राम अडकला तर चिप पुन्हा सुरू करणाऱ्या टायमरने, उठवलं. अडचण एकच. बऱ्याच तयार बोर्डांवरचा बूटलोडर (चिपमध्ये प्रोग्राम भरून घेणारा छोटा प्रोग्राम) आपला प्रोग्राम सुरू होण्याआधीच हे रजिस्टर पुसून टाकतो. म्हणून बूटलोडर काढला, प्रोग्रामरने थेट चिप भरली आणि सुरुवातीलाच ते रजिस्टर वाचून प्रत्येक कारणाचा आकडा ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, वाढवायला सांगितलं. शिवाय बोर्डावर दर अर्ध्या सेकंदाला लुकलुकणारा एक एलईडी लावला. तो लुकलुकतोय तोवर प्रोसेसर जिवंत आहे. वॉचडॉग मुद्दाम बंद ठेवला, कारण तो पुरावा पुसतो. सर्किट अडकलं की तो लगेच उठवतो आणि काय बिघडलं होतं ते कळतच नाही.

दिवसभर गाडी फिरवून आकडे वाचले. बाहेरून रिसेट: २३ वेळा. व्होल्टेज पडल्यामुळे: शून्य. आणि एलसीडीवर कचरा दिसत होता तेव्हा एलईडी बहुतेक वेळा शांतपणे लुकलुकत होता, म्हणजे प्रोसेसर ठीक होता. आजार एक नव्हताच, निदान तीन होते, आणि मी तिन्हींवर एकच गोळी देत होतो.

सर्वांत सोपा निघाला तो बाहेरून होणारा रिसेट. सोय म्हणून मी डॅशबोर्डवर रिसेटचं बटण दिलं होतं आणि चिपच्या पिनपासून तिथपर्यंत हातभर वायर नेली होती. या पिनला वर धरून ठेवणारा आतला रेझिस्टर ३० ते ६० किलोओहमचा असतो. एवढ्या मोठ्या रेझिस्टरच्या आधारावर हातभर वायर मोकळी सोडणं म्हणजे अँटेनाच लावणं. हॉर्नच्या आतला कॉन्टॅक्ट सेकंदाला काहीशे वेळा तुटतो आणि जुळतो, दर तुटण्याला ठिणगी पडते, आणि ती ठिणगी या वायरला ऐकू जात होती. बटण आणि वायर दोन्ही काढून टाकली. पिनपासून ५ व्होल्टला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावला, पिनला चिकटून ग्राउंडला, म्हणजे निगेटिव्ह बाजूला, १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. आणखी एक छोटा डायोड पिनपासून ५ व्होल्टकडे दिला. बाकीच्या पिनांना वरच्या बाजूचा संरक्षक डायोड चिपमध्येच असतो, रिसेटच्या पिनला मात्र नसतो, कारण १२ व्होल्टच्या प्रोग्रामिंगसाठी तीच पिन वापरतात. यानंतर हॉर्नने सर्किट एकदाही रिसेट झालं नाही.

सेल्फ मारतानाचा गोंधळ समजायला स्कोप, म्हणजे व्होल्टेजची रेषा पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप, लागला. आधी स्कोपविषयीच सांगायला हवं, कारण त्याने मला दोन दिवस फसवलं. कुठेही प्रोब टेकवला तरी सगळीकडे सुयाच सुया (क्षणिक उसळ्या) दिसायच्या, ५ व्होल्टवरही आणि ग्राउंडवरही. शेवटी प्रोबचं टोक त्याच्या स्वतःच्याच ग्राउंड क्लिपला जोडून पाहिलं, तरी एक व्होल्ट उंचीच्या सुया दिसल्या! प्रोबच्या ग्राउंडची वायर वीतभर लांब असते. तिचं वेटोळं आसपासचं चुंबकीय क्षेत्र पकडतं आणि ते आपल्या सर्किटचं म्हणून दाखवतं. क्लिपची वायर काढून टोकाजवळची छोटी स्प्रिंग वापरल्यावर बऱ्याचशा सुया नाहीशा झाल्या. ज्या उरल्या त्या खऱ्या. आता गाडीत कुठलंही मोजमाप घेण्याआधी मी टोक आणि ग्राउंड एकत्र करून बघतो.

ताई ड्रायव्हरच्या सीटवर बसली, मी बोनेटपाशी उभा राहिलो. "मार सेल्फ," म्हटलं. १२.५ वर असलेली रेषा झपकन ५.८ व्होल्टपर्यंत कोसळली, जेमतेम ३० मिलिसेकंद तिथे राहिली आणि मग ९.५ च्या आसपास हेलकावे खात राहिली. सेल्फची मोटर थांबलेल्या अवस्थेतून निघताना बॅटरीतून प्रचंड करंट ओढते, त्याचा हा खड्डा. ७८०५ ला आउटपुटपेक्षा साधारण २ व्होल्ट जास्त इनपुट लागतं. त्याच्या आधी उलट्या जोडणीपासून वाचवणारा डायोड होता, तो आणखी ०.७ खात होता. म्हणजे त्या ३० मिलिसेकंदांत चिपला ५ ऐवजी साडेतीन व्होल्टच्या आतच वीज मिळत होती.

मग व्होल्टेज पडल्याचा आकडा शून्य कसा? कारण चिपची ब्राउनआउटची पातळी, म्हणजे ज्याखाली व्होल्टेज गेलं की ती रिसेट होते तो आकडा, २.७ व्होल्टवर ठेवलेली होती. १६ मेगाहर्ट्झवर या चिपला सुरक्षित चालायला सुमारे ३.८ व्होल्ट लागतात. २.७ ते ३.८ हा पट्टा धोक्याचा. तिथे चिप रिसेटही होत नाही आणि तिच्या गणितावर भरवसाही ठेवता येत नाही. सेल्फ मारताना रिले उगाच टकटकायचा त्याचं कारण हे होतं. ब्राउनआउटची पातळी ४.३ व्होल्टवर नेली आणि पुढच्याच सेल्फला नोंद पडली. चुकीचं चालण्यापेक्षा स्वच्छ रिसेट होणं कधीही बरं.

अर्थात, रिसेटही नकोच होता. ७८०५ च्या जागी एलएम२९४० आणला. तो कमी फरकावर चालतो, शिवाय मुळात गाड्यांसाठीच बनवलेला आहे. बॅटरी उलटी जोडली तरी टिकतो, आणि ६० व्होल्टपर्यंतची क्षणिक उसळी सोसतो. त्याच्या आधी कमी व्होल्टेज खाणारा शॉट्की डायोड आणि डायोडनंतर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. सर्किट ६० मिलिअँपिअर घेतं, म्हणजे एवढा कपॅसिटर दर १७ मिलिसेकंदांना साधारण एक व्होल्ट उतरतो. ३० मिलिसेकंदांच्या खड्ड्यात तो दोन व्होल्टही उतरत नाही, आणि डायोडमुळे त्यातला साठा उलटा बॅटरीकडे पळत नाही. इथे डायोड नसेल तर कपॅसिटर कितीही मोठा घ्या, सेल्फची मोटर तोही रिकामा करेल.

या रेग्युलेटरने एक संध्याकाळ खाल्ली. आउटपुटला मी घाईत छोटा सिरॅमिक कपॅसिटर लावला होता आणि ५ व्होल्टची रेषा स्वतःच थरथरायला लागली. गाडी बंद, टेबलावर, तरीही. या जातीच्या रेग्युलेटरला आउटपुटवर कमीत कमी २२ मायक्रोफॅरड लागतात, आणि त्या कपॅसिटरला थोडा अंतर्गत रोधही असावा लागतो. सिरॅमिकमध्ये तो जवळजवळ नसतोच, म्हणून सर्किट डोलतं. इलेक्ट्रोलायटिक लावला, थरथर थांबली. डेटाशीटमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं असतं, मी ते पान वाचलं नव्हतं.

आता एलसीडी. तो चार वायरींवर चालवलेला होता, म्हणजे प्रत्येक बाइट अर्धा-अर्धा करून दोन हप्त्यांत जातो. 'ई' नावाच्या वायरवर ठोका पडला की अर्धा बाइट आत घेतला जातो. या वायरवर बाहेरून एकच खोटा ठोका पडला, तर तिथून पुढे प्रत्येक अक्षराचा मागचा अर्धा भाग पुढच्या अक्षराच्या पहिल्या अर्ध्याला जोडला जातो आणि पडद्यावर कचरा दिसतो. प्रोसेसरला याचा पत्ताही नसतो, तो आपला बरोबर आकडे पाठवत राहतो.

खोटा ठोका कुठून येतोय हे शोधायला स्कोपपेक्षा खिशातला एएम रेडिओ जास्त कामाला आला. दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागेवर लावला आणि इंजिन सुरू ठेवून बोनेटखाली हळूहळू फिरवला. इंजिनच्या फेऱ्यांबरोबर वाढणारी तडतड डिस्ट्रिब्युटर (प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग) आणि प्लगच्या वायरींपाशी सर्वांत मोठी, आणि माझी एलसीडीची पट्टीवायर तिथून वीतभर अंतरावरून डॅशबोर्डकडे गेलेली. इग्निशन कॉइलचा करंट तुटतो तेव्हा तिच्या प्रायमरीवरच (बॅटरीकडच्या वेटोळ्यावरच) ३००-४०० व्होल्टची उसळी येते, प्लगकडे तर हजारो व्होल्ट जातात. त्यात या गाडीत कोणीतरी साध्या तांब्याच्या प्लग वायरी आणि रेझिस्टर नसलेले प्लग बसवले होते. ठिणगीच्या वाटेत रोध नसला की करंट फार झटकन चढतो, आणि जितका झटकन चढेल तितका दूरपर्यंत फेकला जातो. रेझिस्टरवाले प्लग आणि रोध असलेल्या वायरी बसवल्या. रेडिओवरची तडतड एवढी खाली आली की ती ऐकायला रेडिओ प्लगच्या जवळ न्यावा लागला. स्रोतापाशी केलेलं हे एक काम सर्किटवरच्या दहा कपॅसिटरांच्या तोडीचं होतं, असं माझं ठाम मत आहे.

पुढे बोर्डाची जागाच बदलली. आधी बोर्ड बोनेटखाली आणि डिस्प्ले आत होता. आता बोर्ड डिस्प्लेच्या मागेच बसवला, म्हणजे एलसीडीच्या वायरी बोटभर उरल्या. प्रत्येकीत १०० ओहमचा रेझिस्टर घातला. इंजिनकडे आता फक्त सेन्सर आणि रिलेच्याच वायरी जातात, आणि त्यांवर येणारा कचरा गाळता येतो, कारण पाण्याचं तापमान काही मिलिसेकंदात बदलत नसतं. सेन्सरच्या वाटेवर १० किलोओहम आणि १०० नॅनोफॅरड, म्हणजे एक मिलिसेकंदाचा फिल्टर, चिपच्या पिनपाशी.

एवढं झाल्यावर गाडी चार दिवस शहाण्यासारखी चालली. पाचव्या दिवशी सिग्नलला थांबलेलो असताना ताई म्हणाली, "अरे, पंखा लागला की तापमान वाढतंय कसं?"

मी आजवर हे पाहिलंच नव्हतं, किंवा पाहून दुर्लक्ष केलं होतं. ९२ वर पंखा लागला आणि त्याच क्षणी आकडा ९८ झाला. पंखा थांबला की तसाच खाली. पाण्याला असं जमणार नाही, म्हणजे आकडा पाण्याचा नव्हता. हे रिसेटपेक्षा धोकादायक होतं, कारण सर्किट व्यवस्थित चालल्यासारखं दिसत होतं आणि खोटं बोलत होतं.

घरी येऊन मल्टिमीटर मिलिव्होल्टवर लावला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं बॉडीवरच्या त्या बोल्टवर जिथे मी बोर्डाचं ग्राउंड घट्ट कसलं होतं. पंखा बंद असताना ३ मिलिव्होल्ट. पंखा सुरू केल्यावर २८०. पंख्याचं ग्राउंडही त्याच बोल्टवर होतं. पंखा १४ अँपिअर घेतो, बोल्टखाली गंज आणि रंगाचा थर मिळून २० मिलिओहम रोध होता, आणि १४ गुणिले ०.०२ म्हणजे बरोबर ०.२८ व्होल्ट. थर्मिस्टरचं ग्राउंड मात्र इंजिनवर होतं आणि इंजिन जाड केबलने थेट बॅटरीला जोडलेलं. पंखा लागला की माझ्या बोर्डाची जमीन ०.२८ व्होल्टने वर उचलली जायची, थर्मिस्टरची जागच्या जागी राहायची. बोर्डावरचा रेझिस्टर आणि थर्मिस्टर या दोघांच्या वाटणीत चिपच्या पिनवर सुमारे ०.१८ व्होल्ट कमी दिसायचे. या तापमानाला एक अंश म्हणजे साधारण ३० मिलिव्होल्ट, आणि कमी व्होल्टेज म्हणजे जास्त गरम. हिशेब केला तर सहा अंश. डिस्प्लेवरही सहाच दिसत होते.

कागदावरचा तो आकडा पडद्यावरच्या आकड्याशी जुळला तेव्हा मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसलो होतो. तोवर ग्राउंड म्हणजे शून्य असं मी धरून चालत होतो. सर्किटच्या आकृतीत ती तीन आडव्या रेघांची खूण सगळीकडे सारखीच काढतात, पण गाडीच्या पत्र्यावर प्रत्येक बोल्टचं शून्य वेगळं असतं, आणि दुसऱ्याचा करंट वाहायला लागला की ते हलतं.

पंख्याचा बोल्ट खोलून पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिशपेपरने घासला, आणि २८० चे ४० मिलिव्होल्ट झाले. खरा उपाय मात्र दुसरा होता. एक तारेचा थर्मिस्टर काढून दोन तारांचा बसवला, दोन्ही वायरी एकमेकींवर पीळ देऊन थेट बोर्डापर्यंत आणल्या. बोर्डाचं ग्राउंड स्वतंत्र वायरने बॅटरीच्या निगेटिव्हला नेलं, वाटेत त्या वायरला दुसऱ्या कुणाचीही सोबत नाही. आता पंखा लागला की आकडा तसूभरही हलत नाही.

रिलेचंही असंच झालं होतं. कॉइल सुटतानाची उसळी गिळणारा डायोड मी शिस्तीत लावला होता, पण बोर्डावर, आणि रिले मीटरभर लांब. कॉइल सुटताना तिचा करंट डायोडपर्यंत यायला त्या मीटरभर वायरीतून फेरी मारायचा. डायोड काढून रिलेच्या सॉकेटवरच लावला. पंख्याच्या मोटरलाही, तिच्या टर्मिनलांपाशी, एक जाड डायोड उलटा लावला, म्हणजे रिलेचा कॉन्टॅक्ट उघडताना पडणारी ठिणगी बारीक झाली.

सर्वांत मोठा धक्का याआधीच बसून गेला होता. कपॅसिटर लावत सुटण्याच्या पहिल्या आठवड्यात एक सर्किट कायमचं गेलं होतं. ७८०५ आतून शॉर्ट झाला आणि पूर्ण १२ व्होल्ट चिपवर गेले, जी ६ व्होल्टच्या वर सोसत नाही. त्याच दिवशी बॅटरीचं टर्मिनल सैल सापडलं होतं. अल्टरनेटर बॅटरी चार्ज करत असताना टर्मिनल सुटलं, तर त्याचा करंट जायला जागा राहत नाही आणि लाइनवर शंभर व्होल्टच्या आसपास उसळी येऊ शकते, तीही क्षणभर नाही, काहीशे मिलिसेकंद. यालाच लोड डंप म्हणतात. ७८०५ ची मर्यादा ३५ व्होल्ट.

म्हणून नव्या बोर्डाच्या तोंडाशी क्रमाने आधी फ्यूज, मग १० ओहमचा रेझिस्टर, मग टीव्हीएस डायोड (जादा व्होल्टेज आलं की स्वतः वाहून ते रोखणारा), आणि त्यानंतर शॉट्की. टीव्हीएस निवडताना मोह होतो की १५ व्होल्टचा घ्यावा, जेवढा कमी तेवढा सुरक्षित. पण रस्त्यात अडकलेल्या गाडीला कोणी दोन बॅटऱ्या लावून २४ व्होल्टवर सेल्फ मारला तर तो टीव्हीएस जळून जाईल. म्हणून २४ चा घेतला. तो जोरात वाहायला लागला की ३८.९ व्होल्टपर्यंत रोखतो, म्हणजे ७८०५ च्या मर्यादेच्या वरच. टीव्हीएस आहे म्हणून रेग्युलेटर कुठलाही चालेल असं नसतं, दोन्ही एकमेकांना धरूनच निवडावे लागतात. आणि टीव्हीएसवर लिहिलेले ६०० वॉट हे एक मिलिसेकंदाच्या धक्क्यासाठी असतात, लोड डंपसाठी नाही. म्हणून मोठा, ५००० वॉटचा ५केपी२४ए लावला.

शेवटी परीक्षेची सोय केली. हॉर्नवरून कल्पना सुचली होती. एका रिलेची कॉइल त्याच्याच नेहमी जुळलेल्या कॉन्टॅक्टमधून जोडली, डायोड न लावता. वीज दिली की तो स्वतःलाच तोडतो, पुन्हा जुळतो, पुन्हा तोडतो, आणि भुंग्यासारखा आवाज करत ठिणग्या पाडत बसतो. त्याची वायर सर्किटच्या सेन्सरच्या वायरीला मीटरभर गुंडाळली. वाहनांच्या आणि विमानांच्या उपकरणांच्या चाचण्यांतही अशा टकटक्या रिलेचा वापर होतो, हे मला नंतर कळलं. जुनं सर्किट दोन सेकंदांत कोसळलं. नवं अर्धा तास त्या आवाजाशेजारी ठेवलं, एलईडी लुकलुकत राहिला आणि आकडा एका अंशानेही हलला नाही.

त्यानंतरच प्रोग्रामला हात लावला. वॉचडॉग सुरू केला. तापमानाची पाच वाचनं घेऊन मधलं धरायचं. दर दहा सेकंदांनी एलसीडीला पुन्हा चार वायरींच्या शिस्तीत आणायचं. आणि सेन्सरची वायर तुटली किंवा शॉर्ट झाली तर पंखा सुरूच ठेवायचा, कारण पंखा विनाकारण चालला तर फार तर बॅटरी उतरेल, नाही चालला तर इंजिन जाईल.

सहा महिने झाले. परवा ईईप्रॉममधले आकडे वाचले. बाहेरून रिसेट शून्य, वॉचडॉग शून्य. व्होल्टेज पडल्यामुळे एकदा, बॅटरी पूर्ण उतरली होती तेव्हा.